पेंग्विनच्या राखणीला कुत्री: वॉर्नम्बूलचं मिडल आयलंड

आधीच सांगून टाकतो, बेटावर पाऊल ठेवता येत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर, वॉर्नम्बूल शहराला खेटून असलेलं मिडल आयलंड लोकांना बंद आहे. मला हे थेट पाटी वाचून कळलं. चडफडलो. पण ओहोटी लागली होती, आणि किनारा नि बेट यांच्यात जेमतेम गुडघाभर पाणी उरलं होतं. ते बघून राग ओसरला. इथून माणूस काय, खोकडही सहज पलीकडे जाईल.

खोकडं जायचीच. शिकारीच्या हौसेपायी युरोपातून आणलेली ही लाल खोकडं. आणि इथले लिटल पेंग्विन फूटभर उंच, किलोभर वजनाचे, जमिनीतल्या बिळात अंडी घालणारे. खोकड पोट भरलं म्हणून थांबत नाही, सापडेल त्याला मारत सुटतं. शेकड्यांनी असलेले पेंग्विन 2005 पर्यंत दहाच्या आत आले.

उपाय सुचला तो स्वॅम्पी मार्श या कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याकडून. त्याच्या कोंबड्या मरेमा कुत्री राखायची. मूळची इटलीतली, मेंढरं राखणारी ही जात. कोंबड्या राखतात, तर पेंग्विन का नाही? 2006 मध्ये ऑडबॉल नावाची मरेमा बेटावर गेली. खोकडाशी झुंजायची वेळ सहसा येतच नाही. कुत्र्याचा वास आणि रात्रीचं भुंकणं पुरतं. पेंग्विन पुन्हा शंभरावर गेले. मात्र 2017 मध्ये खवळलेल्या समुद्रामुळे कुत्र्यांना बेटावर नेता आलं नाही, तेवढ्यात खोकडांनी डाव साधला. राखण्या जागेवर नसला की संपलं!

मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनवरून रेल्वेने साधारण साडेतीन तास लागतात. दुर्बीण विसरू नका. मी विसरलो, आणि बराच वेळ एका पांढऱ्या दगडाकडे बघत बसलो. दगड उठून चार पावलं पुढे जाऊन बसला, तेव्हा उलगडा झाला. कुत्री वीण हंगामात बेटावर असतात, तीही रोज नाही. त्यांना जवळून भेटवणारी सहल चालू आहे का, हे शहराच्या पर्यटन केंद्रात आधी विचारा.

पाणी उतरलेलं दिसलं तरी पलीकडे जायचा मोह नको, पायाखाली बिळं खचतात. पेंग्विन अंधार पडल्यावरच समुद्रातून परततात, तेव्हा टॉर्च आणि फ्लॅश बंद. आणि तिथला उन्हाळा ऐकून फसू नका. दक्षिणेचा वारा थेट अंगावर येतो, मला जानेवारीतही कानटोपी लागली.