बारोलोच्या टेकड्यांवर आवळा, गुलकंद आणि डांबर

इटलीतल्या आल्बाजवळच्या एका छोट्या वायनरीत पहिला घोट घेतला आणि यजमानीणबाईंनी विचारलं, "काय जाणवतंय?" मी पुण्याहून पाठ करून आलेलो. रास्पबेरी, व्हायोलेट, चामडं असं काहीबाही पुटपुटलो. रास्पबेरी मी जन्मात दोनदा खाल्ली असेन आणि व्हायोलेटचं फूल तर हुंगलेलंच नाही. शेजारून बायको म्हणाली, "अरे, आवळा खाल्ल्यावर होतं तसं झालंय तोंड." पुढचे चार दिवस मग आम्ही वाइन मराठीतच चाखली.

इटलीच्या वायव्येकडचा पिएमोंते प्रांत, त्यातल्या लांगे नावाच्या टेकड्या. तोरिनोहून आल्बाला रेल्वेने तासा-सव्वा तासात पोहोचता येतं. 2014 पासून हे द्राक्षमळे युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. आम्ही ऑक्टोबरात गेलो. सकाळी दरीत धुकं, वर टेकडीवरची गावं बेटांसारखी. इथल्या मुख्य द्राक्षाचं नाव नेब्बिओलो, आणि ते ‘नेब्बिया’ म्हणजे धुक्यावरून पडलं असं बरेच जण मानतात. मात्र याच महिन्यात नेब्बिओलोची तोडणी आणि आल्बाची ट्रफल जत्राही (ट्रफल म्हणजे जमिनीखाली उगवणारी महागडी बुरशी) असते, म्हणून खोल्या महाग. स्वस्तात जायचं तर मे महिना बरा.

सुरुवात पांढऱ्या वाइनने करतात. तानारो नदीपलीकडच्या रोएरो भागातली आर्नेइस आम्हाला सगळ्यांत आवडली. या शब्दाचा तिथल्या बोलीत अर्थ ‘द्वाड’, कारण ही वेल सांभाळायला त्रासदायक. वास पिकल्या पेअरचा, आणि शेवटी भिजवलेल्या बदामाची साल चावल्यावर येतो तसा किंचित कडवटपणा. गावी नावाची दुसरी पांढरी लिंबासारखी चरचरीत निघाली. मासा असता तर मजा आली असती, नुसती प्यायला नको वाटली.

मग तांबड्या. दोल्चेत्तो म्हणजे ‘छोटी गोड’, पण ती गोड नसते. रंग गडद जांभळा, चव जांभळाची, शेवटी जांभळाच्या बीसारखी कडसर. बार्बेरा आंबट, पण तुरट नाही, म्हणजे कोकमाच्या घराण्यातली. जेवणाबरोबर रोज प्यायला हीच, आणि खिशालाही परवडते.

आणि नेब्बिओलो. ग्लासातला रंग बघून फसायला होतं: पातळ, विटकरीकडे झुकलेला, पाणी घातल्यासारखा. घोट घेतला की हिरड्या आवळतात. याला इंग्रजीत टॅनिन म्हणून विषय संपवतात, आपल्याकडे ‘तुरट’ हा सहा रसांपैकी एक आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि जीभ कोरडी, खरखरीत होते. वासाबद्दल जगभर ‘गुलाब आणि डांबर’ म्हणतात. कुठे डांबरीकरण चालू असताना शेजारच्या पानपट्टीवर गुलकंदाचं पान बांधून घेतलंय ना? तोच वास. जुन्या बाटलीत ज्येष्ठमध आणि तंबाखूही येते.

बारोलो आणि बार्बारेस्को या दोन्ही नेब्बिओलोच्याच वाइन, गावांवरून नाव पडलेल्या. बारोलो किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात. बार्बारेस्कोला 26 महिने पुरतात. ला मोर्रा आणि बारोलो गावच्या वाइन त्यातल्या त्यात मऊ, तर सेर्रालुंगा आणि मोन्फोर्तेच्या कणखर. मातीचा फरक, असं तिथले लोक सांगतात. आमच्या जिभेला तो तिसऱ्या दिवशी कळला, त्याआधी नुसती मान डोलावली.

बारोलोच्या किल्ल्यात वाइन संग्रहालय आहे आणि तळघरातल्या एनोतेकात, म्हणजे वाइनच्या दुकानात, ग्लासावर चाखायला मिळते. बार्बारेस्कोची एनोतेका एका जुन्या चर्चमध्ये आहे. कोणती वायनरी गाठावी हे कळत नसेल तर या दोन ठिकाणी आधी जा. वायनरीत आगाऊ वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नका, आणि रविवारी तर बऱ्याच बंद असतात.

रविवारीच आमची फजिती झाली. बस आहे असं गृहीत धरलं, ती नव्हती. बारोलोहून ला मोर्रापर्यंत द्राक्षमळ्यांतून चढ चढत दीड तास चाललो. वाट सुंदर, पण पायात सपाता होत्या. गाडी घेणार असाल तर चालक पिणारा नको: इटलीत मर्यादा लिटर रक्तामागे 0.5 ग्रॅम आहे, आणि परवाना 3 वर्षांहून नवा असेल तर शून्य. चाखलेली वाइन थुंकायला वायनरीत भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका. आपण पिकदाणीवाले लोक, आपल्याला कसली लाज!

दुपारचं जेवण अडीचच्या आत उरका, नंतर स्वयंपाकघर बंद होतं. शाकाहारींना ‘ताजारिन’ मिळेल, लोणी आणि सेजची पानं घातलेल्या बारीक शेवया, पण त्यात अंड्याचं बलक भरपूर. ‘प्लिन’ या सारण भरलेल्या छोट्या पास्त्यात बहुधा मांस असतं, विचारून घ्या. लोण्यातल्या त्या शेवयांबरोबर तीच तुरट बारोलो एकदम निवळली. ती नुसती चाखून नावं ठेवू नका.

भारतात माणशी 2 लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोनच बाटल्या. आम्ही दोघांत एक बारोलो, एक बार्बारेस्को आणि दोन आर्नेइस आणल्या. आर्नेइस दिवाळीतच संपल्या. बारोलो कपाटात आडवी पडली आहे, आणि ती कधी उघडायची यावर घरात एकमत नाही.