फिनिक्सची लाइट रेल आणि साउथ सेंट्रलच्या लेन

अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात साधारण दर मैलाला एक रुंद रस्ता उभा-आडवा गेलेला आहे, आणि या चौकटीत मोटारीवाचून निभाव लागणे कठीण आहे, हे नव्याने आलेल्या माणसाला आठवड्याभरात उमगते. 1989 मध्ये इथल्या मतदारांनी ‘व्हॅलट्रान्स’ ही उन्नत रेल्वेची अवाढव्य योजना फेटाळली. पुढे 2000 मध्ये वाहतुकीसाठीचा विक्रीकर मंजूर झाला आणि 27 डिसेंबर 2008 रोजी फिनिक्स आणि शेजारची टेंपी व मेसा ही शहरे यांना जोडणारी सुमारे 32 किलोमीटरची लाइट रेल, म्हणजे ट्रामसारखी विजेवर धावणारी हलकी रेल्वे, सुरू झाली. रूळ रस्त्याच्या मधोमध घातल्याने खर्च आवाक्यात आला खरा, पण भांडणही रस्त्यावरच आले.

ते सर्वांत पेटले साउथ सेंट्रल अव्हेन्यूवर. दक्षिण फिनिक्स म्हणजे भेदभावामुळे मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना एकेकाळी जिथे राहणे भाग पडले तो भाग. तिथे रूळ टाकायचे तर दोन्ही बाजूंची दुकाने पाडून रस्ता रुंद करायचा, नाही तर जाण्यायेण्याच्या दोन-दोन लेनपैकी एकेक काढून घ्यायची. शहराने दुसरा मार्ग स्वीकारला. विरोधकांनी वाहतूक कोंडीचा मुद्दा लावून धरला, पण दुकानदाराची खरी अडचण मला वळणाची वाटते. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे पलीकडच्या टायरच्या दुकानात शिरायला डावीकडे वळून रस्त्याचा मध्य ओलांडावा लागतो. रूळ आले की हे वळण सिग्नलवरच घेता येते, आणि गिऱ्हाईक पुढे जाऊन यू-टर्न घेण्यापेक्षा वाटेत लागणाऱ्या दुसऱ्या दुकानात शिरते. त्यातच खोदकामाची वर्षे.

सह्या गोळा झाल्या आणि यापुढील सर्व विस्तारच बंद करावेत का, हा प्रश्न ऑगस्ट 2019 मध्ये मतदानाला आला. साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ‘नाही’ म्हटले आणि जून 2025 मध्ये हा मार्ग सुरू झाला. लेन कमी करण्याचा निर्णय मला योग्यच वाटतो, कारण दुकाने पाडून राखलेल्या लेनचा लाभ वस्तीपेक्षा तिथून भरधाव जाणाऱ्यांनाच अधिक झाला असता. मात्र कोणाच्या दारासमोरचे वळण बंद होणार, हे नियोजनकर्त्यांनी पहिल्याच सभेत नकाशावर दाखवायला हवे. रंगवलेल्या गाड्यांची मोहक चित्रे नंतरही दाखवता येतात.

दुसरा प्रश्न उन्हाचा. 2023 च्या उन्हाळ्यात इथे सलग 31 दिवस पारा 43 अंशांवर गेला होता. अशा वेळी स्थानकावर सावली असून भागत नाही. तिथून घरापर्यंतचा पदपथही झाडांखालचा असावा लागतो, आणि तो खर्च माझ्या मते रुळांच्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे.

पुढच्या मार्गांसाठी पैसा उभा करणे आता अधिक अवघड झाले आहे, कारण नोव्हेंबर 2024 मध्ये परगण्याच्या मतदारांनी वाहतुकीचा विक्रीकर पुढे चालू ठेवला, पण त्यातून लाइट रेलचा विस्तार करता येणार नाही, या अटीवर.