मागच्या दाराने : आमची वाटचाल

कुठल्याही हॉटेलात पुढच्या दाराने शिरायचं म्हटलं की मला अवघडल्यासारखं होतं. माझी जागा मागच्या गल्लीत. तिथे कांद्याच्या गोणी असतात, तेलाचे रिकामे डबे असतात, एखादा भांडीवाला पायरीवर बसून बिडी ओढत असतो. त्या पायरीशी डिलिव्हरी चलन हातात धरून मी बारा-तेरा वर्षं उभा आहे. मुंबईतल्या हॉटेलांना आम्ही आशियाई स्वयंपाकाचा माल पुरवतो. गवती चहाच्या कांड्या, गलांगल (आल्यासारखा कंद), थाई बेसिल, बोक चॉयची पालेभाजी, फिश सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा जपानी लगदा), गोचुजांग (आंबवलेल्या मिरचीची कोरियन पेस्ट). नातेवाईक विचारतात, "चांगलं थाई कुठे मिळतं रे?" मी उत्तर द्यायच्या आधी एकेका हॉटेलाचं इंडेंट, म्हणजे मालाची मागणी-यादी, मनातल्या मनात चाळतो.

आधी मी एका मोठ्या हॉटेलात स्टोअर कीपर होतो. आलेला माल तोलायचा, नोंदवायचा आणि ज्या त्या किचनला द्यायचा. एके दिवशी थाई किचनच्या शेफने गवती चहाची अख्खी जुडी परत पाठवली. मी वर गेलो. "हे चहाचं गवत आहे," तो म्हणाला. मला वाटलं, मग दुसरं कसलं असणार? त्याने ड्रॉवरमधून एक सुकत आलेली कांडी काढली. बोटभर जाड, बुंध्याशी पांढरट, वर किंचित जांभळी. ती त्याने सुरीच्या मुठीने ठेचली आणि माझ्या नाकाशी धरली. आपण गवती चहाची पात चहात टाकतो आणि बुंधा फेकून देतो. थाई लोकांना नेमका बुंधाच हवा असतो. गलांगलचंही तसंच. मी काष्ठौषधीच्या दुकानातून कोळिंजन आणलं, घसा बसला की आई तोंडात धरायला द्यायची ते. शेफ हसला. त्याला कंद ओला हवा होता.

तळेगावला मेहुण्याची दीड एकर जमीन होती, त्यात शेडनेटखाली ढोबळी मिरची व्हायची. त्याला म्हटलं, दोन गुंठ्यांत गवती चहा लावून बघू. त्याने शेजारच्या परसातलेच ठोंब आणून लावले. वर्षभरात पात कमरेएवढी वाढली आणि कांडी पेन्सिलीपेक्षा जाड होईना. त्या वर्षी आमच्या दोन्ही घरांत चहाला तोटा नव्हता. नंतर जाड बुंध्याचे ठोंब मिळवले, ओळींत अंतर वाढवलं, मातीची भर दिली, तेव्हा कुठे माल जमला. २०१२चे गणपती झाल्यावर मी नोकरी सोडली. पीएफचे एक लाख चाळीस हजार आणि बायकोच्या दोन बांगड्या एवढंच भांडवल होतं. उलाढाल बारा लाखांच्या आत होती, त्यामुळे अन्नसुरक्षेच्या नुसत्या नोंदणीवर काम भागलं, परवाना पुढे घेतला. हिशेब पहिल्या दिवसापासून बायकोकडे आहे. तो माझ्याकडे असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

टेम्पो परवडत नव्हता, म्हणून माल लोकलच्या मालडब्यातून न्यायचो. एका सकाळी दादरहून वांद्र्याला जाताना गर्दीत फिश सॉसची बाटली फुटली. डब्यात सात-आठ कोळणी होत्या, पाट्यांत सुरमई, बोंबील, कोळंबी. त्या बायकांनी नाकाला पदर लावले! "काय रं, कुठली मासळी कुजवलीस?" एकीने विचारलं. मी सांगितलं, बारीक मासे मीठ घालून वर्षभर, कधी त्याहून जास्त मुरवतात आणि त्याचं पाणी गाळून घेतात. "कसले मासे?" मांदेलीच्या जातीतले, मी म्हणालो. त्यांच्यात जरा चर्चा झाली. उतरताना एक म्हातारी म्हणाली, "आमी मांदेली सुकवून खातो, ते पानी करून पितात." फिश सॉसची याहून सोपी ओळख मला अजून कुणी करून दिलेली नाही. कपड्यांचा वास चार दिवस गेला नाही.

या धंद्यात एक विद्या फुकट मिळते. पुढच्या दाराला झुंबर असो नाहीतर नुसती पाटी, मागच्या दारी माल किती आणि कसला उतरतो त्यावरून आत काय शिजतं ते कळतं. एका हॉटेलात रोज रात्री ऐंशी-नव्वद ग्रीन करी जायच्या आणि गवती चहाची ऑर्डर होती आठवड्याला अर्धा किलो. तीही सजावटीला. बाकी सगळं पेस्टच्या डब्यातून. डबा वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. थायलंडमध्येही लोक बाजारातून तयार पेस्ट आणतात, आपण मसाला दळून आणतो तशी. पण मकरूट लिंबाचं पान डब्यात टिकत नाही. एकाला एक चिकटलेलं ते जोडपान ताजंच लागतं. ते नियमाने मागवणारं हॉटेल सहसा धोका देत नाही. गिऱ्हाइकाला हे बाहेरून कसं कळावं? करी आली की चमच्याने ढवळून बघावी. पानाचा तुकडा, ठेचलेली कांडी, कंदाची चकती असं काहीतरी न खाण्याजोगं ताटलीत निघालं, तर समजावं की आत कुणीतरी मेहनत घेतली आहे. लोक मात्र त्याचीच तक्रार करतात, करीत काड्या निघाल्या म्हणून.

दुसरी खूण मेनूकार्डाची. एकाच कार्डावर चायनीज, थाई, जपानी, कोरियन, व्हिएतनामी असे पाच देश असतील तर मी सोया सॉसचा कॅन तेवढा उतरवतो आणि जेवायला घरी जातो. याला अपवाद आहेत. वांद्र्याच्या 'सीफा'मध्ये थाई आणि जपानी दोन्ही मिळतं, पण तिथे थाई बाजू सांभाळणाऱ्या सीफा केटचायो थायलंडच्या आणि जपानी बाजूला त्यांचे यजमान करण बने. दोन देशांना दोन हात आहेत. (ते आमचे गिऱ्हाईक नाहीत. असते तर हे लिहिताना संकोच वाटला असता.)

चायनीजचं प्रकरण मुंबईत वेगळंच आहे. नाक्यावरच्या गाडीला मी कधीच नावं ठेवली नाहीत, माझं पहिलं 'एशियन फूड' लालबागच्या गाडीवरचं मंच्युरियनच होतं. हा पदार्थ मंच्युरियाने पाहिलेलाही नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५च्या सुमारास इथल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो केला. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली, आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस व कॉर्नफ्लोअर. शेजवानची तर गंमतच आहे. चीनमधल्या सेचवान प्रांताच्या स्वयंपाकाचा जीव ज्या दाण्यात आहे, ज्याने जीभ झिणझिणते, तो आपल्या शेजवान चटणीत नसतोच. चटणी म्हणजे लाल मिरची, लसूण आणि तेल. आणि तो दाणा कोण? आपल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ. बांगड्याच्या तिखल्यात आपण घालतो त्याच कुळातला.

हे कळलं तेव्हा मी मुंबईतली जुनी चिनी ठिकाणं शोधायला लागलो. माझगावात नवाब टँक रोडला सी युप कून नावाचं चिनी मंदिर आहे, १९१९ सालचं. सी युप म्हणजे दक्षिण चीनमधले चार जिल्हे, तिथून आलेल्या लोकांनी ते बांधलं. एके काळी त्या भागात चिन्यांची वस्ती होती. १९६२च्या युद्धानंतर देशभरातल्या अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं, बरेच जण पुढे देश सोडून गेले. मुंबईतली वस्तीही पांगली. उरलेल्यांपैकी काहींनी दातांचे दवाखाने, ब्युटी पार्लर आणि हॉटेलं चालवली. कुलाब्याला रीगलच्या मागे 'लिंग्ज पॅव्हिलियन' आहे, तिथे मी वर्षातून एकदा स्वतःच्या पैशाने जातो. पुढच्या दाराने. वाफवलेला मासा, वर आलं आणि कांद्याची पात, बस. मासा ताजा नसेल तर असल्या पदार्थात लपायला जागाच नसते.

मुंबईच्या 'एशियन' किचनमध्ये वोकपाशी उभा असतो तो बहुतेक वेळा दार्जिलिंगचा, नेपाळचा, मणिपूरचा नाहीतर मिझोरामचा मुलगा. ही मुलं सुट्टीच्या दिवशी कुठे जेवतात ते विचारावं. मला एकाने कालिन्याला नेलं. कालिना-वाकोल्याच्या गल्ल्यांत ईशान्येकडची बरीच मुलं राहतात आणि त्यांच्यासाठी छोट्या खानावळी चालतात. तिथे आंबवलेल्या सोयाबीनचं, म्हणजे आखुनीचं डुकराचं मटण खाल्लं, आंबवलेला बांबूचा कोंब खाल्ला, आणि एका मिरचीने माझे कान बंद केले. आखुनीचा वास पहिल्यांदा जड जातो. पण सुकट भाजलेल्या घरात वाढलेल्या माणसाने वासाबद्दल बोलू नये. त्या फेरीनंतर आमच्या मालाच्या यादीत बांबूचा कोंब आला, आणि तो ज्या हॉटेलात जातो तिथे स्टाफचं जेवणही मला बसवून वाढतात.

आता तुळशीचं. थाई लोकांत कफ्राव नावाचं बेसिल असतं, खिम्यात मिरची-लसणाबरोबर घालतात. वनस्पतीशास्त्रात ती आपलीच तुळस, जातही तीच. मेहुण्याने वाफे लावले, माल घरी आला, आणि आईने पिशवी उघडली. "ही कुठे चाललीय?" मी हॉटेलचं नाव सांगितलं. "कशात घालतात?" मी गप्प. बायकोने सावरून घेतलं, म्हणाली, आई, ही थाई तुळस, वृंदावनातली नव्हे. आईने एक पान चुरगाळून वास घेतला आणि आमच्याकडे बघितलं. तेव्हापासून तो माल तळेगावहून परस्पर जातो. घरी आणायचा नाही, असा ठराव झाला आहे.

शाकाहाराचा प्रश्न आम्हाला रोज भेटतो. मुंबईत जैन थाई करी मागणारं गिऱ्हाईक आहे, आणि गलांगल तर जमिनीखालचा कंद. लसूण गेला, कांदा गेला, कोळंबीची पेस्ट गेली. कांडी, पान आणि नारळाचं दूध यांवरच किल्ला लढवायचा. काही शेफ तो खरोखर छान लढवतात. पण लोकांना ठाऊक नसतं ते असं की किमचीत, म्हणजे कोरियन लोणच्यात, सहसा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, आणि जपानी सुपाचा दाशी, म्हणजे मूळ रस्सा, बऱ्याचदा वाळवलेल्या माशाच्या किसाचा असतो. आम्ही डब्यावरचा हिरवा ठिपका दाखवल्याशिवाय असा माल शाकाहारी किचनला देत नाही. यावरून दोन गिऱ्हाइकं तुटली, तुटू दिली. फोर्टात २०१४ला सुरू झालेलं 'बर्मा बर्मा' संपूर्ण शाकाहारी आहे. तिथलं आंबवलेल्या चहाच्या पानांचं सॅलड पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला रत्नागिरीचा थिबा पॅलेस आठवला. राज्य गेलं आणि ब्रह्मदेशाच्या त्या थिबा राजाला कोकणात आणून ठेवलं, १९१६मध्ये तिथेच तो वारला. त्याला हे सॅलड रत्नागिरीत कोण करून देत असेल, असा विचार मी जेवण होईपर्यंत करत होतो.

धंद्यात मार खाल्ला तो उधारीत. पंचेचाळीस दिवसांचं पेमेंट म्हणून माल घ्यायचे आणि नव्वद दिवसांनी फोन उचलायचे नाहीत. एक चकचकीत हॉटेल आमचे तीन लाख बुडवून बंद झालं. उद्घाटनाला मालकाने मला मिठाई दिली होती. त्यानंतर नियम केला : नव्या हॉटेलाला पहिले सहा महिने रोखीत. मोठी हॉटेलं याला हसतात, छोटी मुकाट पैसे देतात. आज आमची बत्तीस गिऱ्हाइकं आहेत, त्यातली बरीचशी वीस-पंचवीस खुर्च्यांची.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा शेतात कांड्या तयार होत्या आणि गोदामात मिसोचे चाळीस डबे. हॉटेलं बंद. मेहुण्याने कांड्या गाईंपुढे टाकल्या. गाईंनीही वास घेऊन तोंड फिरवलं. मिसो सोसायट्यांमध्ये किलो-अर्धा किलोने विकला. मग फोन यायला लागले, सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचे. "काका, गोचुजांग आहे?" घरात बसून कोरियन मालिका बघत होती ती सगळी. मला उच्चारसुद्धा त्यांनी दुरुस्त करून दिला. त्या सहा महिन्यांत गोचुजांगनेच घर चालवलं. अजूनही आमची जवळजवळ चौथाई विक्री घरगुती आहे आणि ती भाची बघते.

गेल्या महिन्यात एका शेफने सेचवानी दाणा घातलेला मापो तोफू डब्यात भरून दिला, घरी नेऊन बघ म्हणून. लालभडक तेल, मऊ तोफू, वर दाण्याची पूड. आईला मी काहीच सांगितलं नाही, वाटीत भातावर घालून दिलं. तिने एक घास घेतला, थांबली, जीभ टाळ्याला लावून बघितली. ओठ मुंग्या आल्यासारखे झाले असणार, पण चेहरा ओळखीचं माणूस भेटल्यासारखा. वाटीत चमचा दोनदा फिरवून तिने तळ बघितला.

"तिरफळं घातलीत," ती म्हणाली. "मग बांगडो खंय?"