पाणी भोकातून आले नव्हते

कोल्हापूरच्या शाहूपुरीतले आमचे दुकान वडिलांच्या काळात टायर-ट्यूबच्या व्हल्कनायझिंगचे, म्हणजे रबर तापवून पक्के करण्याचे होते. आज तिथे मी रेनकोट, ट्रेकिंगच्या सॅक, तंबू, गमबूट, थोडक्यात पाणी अडवणारी कोणतीही वस्तू दुरुस्त करतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम भोक शोधून ठिगळ लावण्याचे वाटते. प्रत्यक्षात भोक आहे की नाही हे ठरवण्यातच बहुतेक वेळ जातो. जुलैमध्ये पन्हाळा-पावनखिंड मोहिमा पार पडल्या की महागड्या जॅकेटांचा ढीग लागतो. प्रत्येकाची तक्रार 'गळतंय' एवढीच असते, आणि त्यातली बरीचशी जॅकेटे मुळीच गळत नसतात. हे गिऱ्हाइकाला पटवून देणे ठिगळ लावण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

गेल्या पावसाळ्यात एकाच दिवशी दोन वेडर दुकानात आले आणि त्या दिवसाचा विचार अजून माझ्या मनातून जात नाही. वेडर म्हणजे पाण्यात उभे राहून मासे धरणाऱ्याचा छातीपर्यंत येणारा, खांद्यावर पट्ट्यांनी अडकवायचा आणि खाली बूट किंवा मोजे जोडलेला पोशाख. कोल्हापुरात तो क्वचितच दिसतो.

पहिला वेडर आणला तो एका फौंड्रीच्या मालकांनी. त्यांना गळाने मासे धरण्याचा मनापासून छंद आहे. दर वसंतात ते हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जातात आणि धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतात. वेडर अमेरिकेतून मागवलेला, किंमत हजार डॉलरच्या घरातली. तीर्थनच्या बर्फाळ पाण्यात तो कोरडा राहिला होता, पण आता जुलैमध्ये भोगावती नदीच्या काठाने दोन तास घालवल्यावर तो मांड्यांपासून पोटऱ्यांपर्यंत आतून ओला झाला, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीला पत्र लिहिले तर वेडर अमेरिकेला पाठवा असे उत्तर आले. "पाठवायचा खर्च आणि कस्टमची भानगड बघता तुम्हीच काय ते करा," असे म्हणून त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला.

असे काम हातात आले की मला आनंद होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. कमरेच्या वर तीन थरांचे आणि पायांना पाच थरांचे कापड होते. शिवणी मांड्यांच्या आतल्या बाजूला न घेता पायांच्या पुढून आणि मागून घेतल्या होत्या, कारण चालताना मांड्या एकमेकींवर घासतात आणि तिथली शिवण सर्वांत आधी जाते. प्रत्येक शिवणीवर आतून उष्णतेने चिकटवलेली टेप होती, आणि कुठेही तिची कड सुटलेली नव्हती. पायाचे मोजे निओप्रीनचे, म्हणजे मऊ, जाड कृत्रिम रबराचे, डावा-उजवा वेगवेगळा कापलेला. ज्याने हे कापड बेतले तो स्वतः नदीत उभा राहिलेला माणूस असणार, याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही.

तपासणीला अर्धा दिवस लागला. प्रथम वेडर आढ्याच्या हुकाला टांगून एकेका पायात पाणी भरले आणि बाहेरून कोरडे बोट फिरवत प्रत्येक शिवण तपासली. कुठेही थेंब आला नाही. मग तो पूर्ण वाळवून, उलटा करून आतल्या बाजूने आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारले. अशा कापडात सुईच्या टोकाएवढे छिद्र असले तरी तिथे गडद डाग उमटतो. त्याभोवती पेनाने गोल करायचा आणि युरेथेन या लवचीक गोंदाचा एक थेंब बोटाने पसरायचा, एवढीच दुरुस्ती असते. ही युक्ती वेडर करणाऱ्या कंपन्या स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतात, पण आपल्याकडचे दुरुस्ती करणारे ती शिकून घेण्याचे कष्ट घेत नाहीत. शंका आली की सगळीकडे सिलिकॉन फासून मोकळे होतात आणि चांगला माल कायमचा वाया घालवतात. या वेडरवर एकही डाग उमटला नाही. निओप्रीनचे मोजे तर आतून जवळजवळ कोरडेच होते. पाणी गळून आले असते तर ते आधी मोज्यात साचायला हवे होते. ते पाणी भोकातून आलेलेच नव्हते. तो साहेबांचा घाम होता.

हे समजण्यासाठी या पोशाखाचा प्रवास थोडा सांगायला हवा. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबर घालून पाणी अडवले, पण ते रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होई. चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये ज्या व्हल्कनायझिंगचे अमेरिकेतले पेटंट मिळाले, आणि ज्यावर आमच्या घराची चूल पेटली, त्याने रबर टिकाऊ झाले. त्या रबरी कॅनव्हासचे वेडर जड असत आणि त्यातून वाफ जायला मार्गच नसे, म्हणून कोळी-शिकारी कोणीही असो, आतून ओला होणे गृहीतच धरी. पुढे निओप्रीन आले. त्याने ऊब दिली, पण घाम तसाच राहिला. १९६९ मध्ये बॉब गोअर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून त्याचे अतिसूक्ष्म छिद्रांचे पटल केले, ज्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही पण वाफ बाहेर जाते. त्या पटलाचे वेडर १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या माँटाना राज्यातल्या सिम्स कंपनीने काढले, आणि तेव्हापासून छातीपर्यंत झाकलेला माणूस दिवसभर कोरडा राहू शकतो असे लोक मानू लागले.

मात्र वाफ आपण होऊन बाहेर पडत नाही. आतली हवा उबदार आणि दमट, बाहेरची थंड आणि कोरडी असेल तरच ती बाहेर ढकलली जाते. तीर्थनमध्ये हा फरक मोठा असतो. जुलैमधल्या कोल्हापुरात हवा वाफेने आधीच भरलेली, नदीचे पाणी कोमट, मग आतली वाफ जाणार कुठे? ती कापडाच्या आतल्या बाजूलाच थेंब होऊन बसते. पाणी किती अडते याचे मिलिमीटरमधले आणि वाफ किती जाते याचे ग्रॅममधले जे मोठमोठे आकडे लेबलवर छापतात, त्यांतला वाफेचा आकडा वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या पद्धतींनी मोजतात, त्यामुळे एकाची तुलना दुसऱ्याशी करता येत नाही. गिऱ्हाईक मात्र त्या आकड्यांकडे पाहूनच पैसे मोजते. आपल्याकडे घाटमाथ्यावर भातलावणीला बांबू-पानांचे इरले वापरत, ते पाठ झाकते आणि खालून पूर्ण उघडे राहते. आपल्या हवेला काय लागते हे ते विणणाऱ्याला पक्के ठाऊक होते. महागड्या आउटडोअर कपड्यांच्या दुनियेत हा प्रश्नच कोणी विचारत नाही. तिथे थंड प्रदेशासाठी केलेली वस्तू दमट प्रदेशात तेवढ्याच किमतीला, त्याच शब्दांत विकली जाते, आणि घेणाऱ्याला वाटते की इतके पैसे मोजल्यावर हवामानही आपल्याला लागू पडणार नाही.

आणखी एक कारण सापडले. साहेबांनी तो वेडर कधीच धुतला नव्हता. धुतला तर खराब होईल अशी त्यांना भीती होती. असे कपडे घेणारे बहुतेक लोक हीच समजूत बाळगतात आणि विकणारे ती दूर करत नाहीत. बाहेरच्या कापडावर पाणी निथळून जावे म्हणून एक लेप असतो. तो घामाच्या तेलाने आणि गाळाने मळला की बाहेरचे कापड पाणी पिऊन बसते आणि उरलीसुरली वाफही अडते. पूर्वीचे फ्लोरिनयुक्त लेप तेलालाही दूर ठेवत. त्यांतली पीएफएएस रसायने निसर्गात नष्ट होत नाहीत म्हणून कंपन्या ती सोडत आहेत, आणि हे योग्यच आहे, पण नवे लेप लवकर मळतात आणि अधिक वेळा धुवावे लागतात. मी तो वेडर साध्या सौम्य साबणाने हाताने धुतला, सावलीत वाळवला आणि हीट गन लांब धरून मंद उष्णता दिली. त्यानंतर ओंजळभर पाणी टाकले तर ते थेंब-थेंब होऊन घरंगळले.

ही धुलाई चालू असतानाच, दुपारी, हातकणंगले तालुक्यातले एक शेतकरी दुसरा वेडर घेऊन आले. त्यांनी शेततळ्यात रोहू आणि कटला सोडले आहेत. त्यांचा वेडर नायलॉनवर पीव्हीसी चढवलेला, बूट खाली वेल्ड केलेले, बाजारात दोन-अडीच हजारांत मिळतो तसा. उजव्या गुडघ्यावर वीतभर फाटला होता आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचे ठिगळ लोंबत होते.

"ठिगाळ मारलं, पर टिकना," ते म्हणाले.

ते टिकणारच नव्हते. पंक्चरचे सोल्यूशन रबर धरते, पीव्हीसी धरत नाही. हे मी आजवर असंख्य लोकांना सांगितले आहे, तरी गावोगावचे पंक्चरवाले पीव्हीसीवर सोल्यूशन लावतच राहतात. मी जुना थर स्पिरिटने पुसून काढला, काठ पॉलिश पेपरने खरवडले, आतून-बाहेरून पीव्हीसीचेच गोल कोपऱ्यांचे ठिगळ कापले. ठिगळाला टोकदार कोपरे ठेवले तर ते तिथूनच सुटू लागते. चिकटवत असताना सहज विचारले की इतका सरळ चिरा कशाने गेला.

"तळ्यात पडलो हुतो की, मालक. भावानं मोटारीच्या दोरानं वढून काढलं, तवा काठाच्या दगडावर घासलं."

माझा हात थांबला. त्यांच्या दृष्टीने ती फाटण्याची हकिगत होती आणि ते ती तशाच सहजपणे सांगत होते. मी एकेक करून विचारत गेलो. शेततळ्याला ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिकचे अस्तर, त्यावर शेवाळ. उतारावरून पाय सटकला, ते छातीवर पाण्यात गेले आणि वरच्या तोंडातून वेडर भरला. त्या वेळी गुडघा शाबूत होता. म्हणजे इथेही पाणी भोकातून आले नव्हते. भोक तर त्यांना वाचवताना पडले होते.

वेडरमध्ये पाणी भरले की माणूस दगडासारखा तळाला जातो असे अनेकांना वाटते. तसे होत नाही, कारण पाण्यात पाण्याला वजन नसते. धोका बाहेर येताना असतो. पाय हलवणे जड होते, आणि काठावर चढू लागताच आत भरलेले प्रत्येक लिटर पाणी एक किलो होऊन मागे ओढते. वेडरमध्ये तीस-चाळीस लिटर सहज मावतात. नदीच्या काठाला मुळे असतात, चिखल असतो, काहीतरी हाताला लागते. अस्तराच्या तळ्यात हाताला काहीच लागत नाही. हे शेतकरी मामा प्लास्टिकवर तळहात टेकून पुन:पुन्हा खाली घसरत राहिले होते. भाऊ मोटारीपाशी नसता तर काय झाले असते, हे त्यांनी बोलून दाखवले नाही आणि मीही विचारले नाही.

यावरचा उपाय म्हणजे कमरेवर, वेडरच्या बाहेरून घट्ट आवळलेला पट्टा. त्याने तोंडातून शिरणारे पाणी पूर्ण थांबत नाही, पण ते पायांपर्यंत जाण्याचा वेग इतका कमी होतो की माणसाला काठ गाठायला वेळ मिळतो. मामांच्या वेडरला पट्टा नव्हता आणि पट्टा ओवायला लूपही नव्हते. पाण्यात रोज उतरणाऱ्याला विकायच्या वस्तूतून नेमका हाच भाग वगळणाऱ्यांचा मला संताप येतो. सॅकला लावतो ती चाळीस मिलिमीटरची पट्टी आणि क्लिप बक्कल, एवढाच तर खर्च आहे.

मी साहेबांची पेटी उघडली. त्यात त्यांच्या वेडरचा पट्टा होता, रुंद, लवचीक, उत्तम बनावटीचा, आणि अजून कंपनीच्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद. फोन करून विचारले तर ते म्हणाले, "तीर्थनमध्ये पाणी गुडघ्याच्या वर फारसे जात नाही, म्हणून काढलाच नाही." पाच थरांविषयी आणि पटलाविषयी त्यांना सर्व काही ठाऊक होते, जाहिरातींत, माहितीपत्रकांत, छंद असलेल्यांच्या गप्पांत तेच बोलले जाते. पट्टा कशासाठी असतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पट्टा वापरण्याचे कबूल केले. पण वेडर गळत नाही हे त्यांना शेवटपर्यंत मान्य झाले नाही. "इतक्या किमतीचा वेडर घामाने ओला होतो हे मला पटत नाही," असे म्हणून ते वेडर घेऊन गेले. बहुधा तो अमेरिकेला जाईल, तिथे तपासला जाईल आणि त्यात काही दोष नाही असे पत्र घेऊन परत येईल.

मामांच्या वेडरला मी विचारल्याशिवायच तीन ठिकाणी पीव्हीसीचे लूप चिकटवले आणि पट्टा ओवून दिला. त्याचे पैसे घ्यायला मी नको म्हणत होतो, पण त्यांनी ते टेबलावर ठेवले आणि मग मीही ताणून धरले नाही. तळ्याच्या चारही बाजूंना गाठी मारलेला दोर वरच्या खुंटाला कायमचा बांधून पाण्यापर्यंत सोडून ठेवा, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले. वेडरपेक्षाही ते अधिक गरजेचे आहे.

पंधरवड्याने त्यांचा फोन आला. दोर बांधले होते. पट्ट्याबद्दल मात्र तक्रार होती: जाळे ओढायला वाकले की बक्कल पोटात रुततो, म्हणून ते काम करताना पट्टा सैल करतात. जाळे ओढतानाच तोल जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, त्यामुळे सैल पट्ट्याचा उपयोग नाही. बक्कल बाजूला, कमरेच्या हाडाच्या मागे घेऊन आणि पुढचा भाग रुंद निओप्रीनचा करून मी नवा नमुना शिवला आहे. त्यांच्या शेजारच्या दोन तळेवाल्यांनीही पट्टे मागितले आहेत. शहरातल्या ज्या ठोक विक्रेत्याकडून हे वेडर जातात त्याला मी नमुना दाखवला, तर मागणी नाही एवढेच तो म्हणाला. म्हणून सध्या हे पट्टे मीच शिवतो, आणि वाकताना कळ न देणारी बक्कलची नेमकी जागा अजून शोधतो आहे.