काजूच्या मोसमाआधी मंजुरी हवी होती

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात एखादी डॉक्टरीण पीएचडी करते म्हटलं की लोकांना वाटतं, हिने आता नवीन औषध शोधायला घेतलंय. मला शोधायचं होतं ते एवढंच: काजू वेचायला रानात जाणाऱ्यांना गोचीड चावू नये म्हणून जे तेल वाटतात, ते बाटलीतच का राहतं? आज हे वाक्य सहज लिहिलं. पण ते सापडायला दीड वर्ष गेलं, आणि त्यावर मंजुरीचा शिक्का बसेपर्यंत काजूचा एक अख्खा मोसम हातचा गेला.

माकडताप आमच्याकडे २०१५ मध्ये पाळी गावात पहिल्यांदा समोर आला. विषाणू तसा जुना, १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला. रानात माकडं मरून पडायला लागली की समजायचं, गोचिडांतून आजार फिरतोय. पुढच्याच वर्षी सीमेपलीकडे दोडामार्गातही रुग्ण निघाले. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. जुनी लस आता वापरात नाही. म्हणजे हातात राहतं काय, तर अंगभर कपडे, रानातून आल्यावर गरम पाण्याची आंघोळ आणि ते तेल. रुग्ण दिसतात डिसेंबर ते मे, आणि नेमके त्यातलेच शेवटचे तीन महिने सगळं गाव बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला पहाटे रानात असतं. माझ्या माहेरची माणसंही.

मी कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी आहे, नोकरी करते, म्हणून अर्धवेळ पीएचडीसाठी अर्ज केला. पात्रतेची अडचण नव्हती, ५५ टक्क्यांची अट एमडीच्या गुणांत भागली. अडचण निघाली ती गाइडची. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनुसार प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चारच विद्यार्थी राहू शकतात. पहिले दोघे म्हणाले, जागा नाही. तिसऱ्या सरांकडे जागा होती, पण त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, आणि तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. हा नियम मला त्यांनीच चहा पाजून समजावला. तुम्ही अर्ज करणार असाल तर विषय ठरवण्याआधी गाइडची जन्मतारीख विचारा. अर्धी थट्टा आहे, अर्धी नाही.

चौथ्या मॅडमनी होकार दिला, पण माझा आराखडा वाचून चष्मा काढून ठेवला. शीर्षक होतं, 'सत्तरी तालुक्यातील माकडतापाचा सर्वंकष अभ्यास'. त्यात रक्ततपासणी होती, गोचिडांची मोजणी होती, माकडांच्या मृत्यूची नोंद होती, लोकांचं ज्ञान होतं, आणि शेवटी सरकारला शिफारशीही होत्या.

"ही पीएचडी आहे की आरोग्य खात्याचा पंचवार्षिक आराखडा?" मॅडम म्हणाल्या. "रक्त काढशील, पण तपासणार कुठे? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेशी लेखी काही आहे? गोचीड ओळखणारा माणूस आहे? काय आहे तुझ्याकडे?"

माझ्याकडे स्कूटर होती आणि गावात ओळखी होत्या. तसंच सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग स्कूटरने जमेल असा प्रश्न आण."

तो प्रश्न मला मामाच्या भाटीवर, म्हणजे फेणी गाळायच्या भट्टीवर, मिळाला. हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे, दिवस होते. कोळंबीत, म्हणजे बोंडू तुडवायच्या जागेत, बोंडू मळून चालले होते आणि कोपऱ्यातल्या फळीवर तेलाच्या चार बाटल्या तशाच, बूचसुद्धा न काढलेल्या. मी मामाला विचारलं, हे लावत का नाही? तो म्हणाला, "तेलाचा वास हाताला, हाताचा बोंडवाला, बोंडवाचा निऱ्याला. मग माझी फेणी कोण घेणार?" निरो म्हणजे बोंडवाचा ताजा रस. माझ्या एमडीच्या तीन वर्षांत हे उत्तर कुठल्याही पुस्तकात नव्हतं. खरंच वास उतरतो की नाही, हा मुद्दा वेगळा. माणूस तसं मानतो, म्हणून तेल लावत नाही. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, "हाच. आता याला दुसरं काही चिकटवू नकोस."

प्रवेश परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अर्धा पेपर संशोधन पद्धतीचा, अर्धा विषयाचा, लेखीला ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०. संशोधन पद्धतीचा भाग हलक्यात घेऊ नका, माझे गुण तिथेच गेले.

एनओसीबद्दल मात्र सांगायला हवं. अर्धवेळ पीएचडीला नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. माझी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला सात आठवडे लागले, आणि शेवटी हातात आलं ते एका ओळीचं पत्र: 'सदर अधिकाऱ्यांना पीएचडी करण्यास या कार्यालयाची हरकत नाही.' विद्यापीठाने ते परत केलं. नियमात तीन गोष्टी लिहून हव्या असतात: अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं करू. पुन्हा सात आठवडे नकोत म्हणून मीच मजकूर टाइप करून नेला. क्लार्क म्हणाले, "हे आधी का नाही आणलंत?" त्यांचं बरोबर होतं.

कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यात संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा पेपर. शनिवारी वाळपईहून कदंब बस पकडून पणजीला जायचं आणि रात्री परतायचं. मुलाला आई सांभाळायची. त्या बसमध्ये मी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहिला, हे नंतर लोकांना सांगायला बरं वाटतं. त्या वेळी फक्त मान दुखायची.

सिनॉप्सिस संशोधन समितीपुढे गेला तेव्हा संख्याशास्त्राच्या सरांनी मला उभीच धरली. तेल नियमित वापरणाऱ्यांचं प्रमाण इथे कुणी मोजलेलं नव्हतं, म्हणून मी ५० टक्के गृहीत धरले होते. प्रमाण माहीत नसेल तर ५० धरल्यावर नमुना सगळ्यात मोठा येतो, म्हणजे आपण सुरक्षित बाजूला राहतो. पाच टक्के चुकीची मुभा धरून ३८४ माणसं येतात. दहा टक्के लोक नकार देतील असं धरलं की ४२७. मला वाटलं, झालं.

"वाड्यावाड्यांवरून घेणार ना माणसं?" सर म्हणाले. "एका वाड्यावरची माणसं एकमेकांसारखीच वागतात. एकाने तेल सोडलं की शेजारीही सोडतो. मग वीस माणसं विचारूनसुद्धा वीस माणसांची माहिती मिळत नाही. डिझाइन इफेक्ट कुठे आहे?"

डिझाइन इफेक्ट म्हणजे या सारखेपणामुळे नमुना जितक्या पट वाढवावा लागतो तो आकडा. दोन धरला तर नमुना ८५४ वर जात होता. मी बसल्या जागी हिशेब केला. संध्याकाळी जास्तीत जास्त चार मुलाखती, कारण दिवसा माणूस रानात असतो. ८५४ म्हणजे दोनशेच्या वर संध्याकाळी. बाईमाणूस, वर नोकरी. शेवटी वाडे वाढवून प्रत्येक वाड्यावरची माणसं कमी करायची, आणि इफेक्ट दीड धरायचा, यावर तडजोड झाली. ३८४ च्या दीडपट ५७६, नकार धरून ६४०. बत्तीस वाडे, प्रत्येकी वीस जण, एकशे साठ संध्याकाळी, दोन मोसम. पीएचडीला किमान तीन वर्षं का ठेवली असतील, ते मला त्या खोलीत उमगलं.

सिनॉप्सिस मंजूर झाला सप्टेंबरात. हिशेब सरळ होता. ऑक्टोबरात एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनात माणसांना त्रास होणार नाही ना हे बघणाऱ्या समितीकडे, अर्ज, डिसेंबरपर्यंत मंजुरी, मार्चला रानात.

आमच्या भागातली एथिक्स कमिटी कुठली ते सांगत नाही, कारण सांगायची गोष्ट तक्रारीची नाही. तरी वेळ गेला तो गेलाच. डिसेंबरची बैठक कोरम न झाल्याने पुढे गेली. किमान पाच जण लागतात, आणि तेही ठरलेल्या प्रकारचे: वैद्यकीय, बिगर-वैद्यकीय, आणि त्यात संस्थेबाहेरचंही कुणी. फेब्रुवारीत बैठक झाली तोवर माहेरी बोंडू गळायला लागले होते.

मी तयारी करून गेले होते आकड्यांची. आकड्यांबद्दल एकही प्रश्न आला नाही. पहिला प्रश्न वकील बाईंचा: "संध्याकाळी भेटणार म्हणता. मोसमात संध्याकाळी माणसाने हुर्राक घेतलेला असेल तर त्याची संमती धरायची का?" खोलीत हशा पिकला, पण बाई हसत नव्हत्या. मग उत्तर द्यावंच लागलं. घेतलेला दिसला तर त्या दिवशी काहीच विचारायचं नाही, दुसऱ्या दिवशी जायचं, असं लेखी घातलं. दुसरा प्रश्न, मुलाखत घेताना घरात तापाचा माणूस दिसला तर? तुम्ही संशोधक म्हणून वही भराल की डॉक्टर म्हणून काही कराल? मी म्हटलं, अर्थातच करीन. सदस्य म्हणाले, अर्थातच नको, कागदावर हवं. कुठल्या आरोग्य केंद्रात, कुणाला फोन, गाडी कुणाची.

आणि मग माहितीपत्रक. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ते सहभागी माणसाला समजेल अशा भाषेत लागतं. आमच्याकडे हीच मोठी मेख. घरी बोलतात कोंकणी, वाचतात मराठी. आरती मराठी, पेपर मराठी, भांडण कोंकणी. बागेत बाहेरून आलेले मजूर असतील तर कन्नड आणि हिंदीही. मी चार भाषांत तयार केलं होतं आणि मराठीवर विशेष खूश होते: 'सदर संशोधनातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून...'

सामान्य नागरिक म्हणून बसलेले म्हातारे गृहस्थ कागद लांब धरून वाचत होते. म्हणाले, "बायो, ऐच्छिक म्हणजे शाळेत जो विषय घेतला नाही तरी चालतो, पण कुठला तरी एक घ्यावाच लागतो, तो ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी पुढची ओळ दाखवली. 'आपले नाव कोणत्याही यादीत समाविष्ट केले जाणार नाही.' मला म्हणायचं होतं की माहिती गुप्त राहील. "हें वाचून माझी बायको पहिलं विचारील, गृह आधारच्या यादींतून नांव काढतात काय?" म्हणाले. गृह आधार म्हणजे गृहिणींना दरमहा पैसे देणारी गोवा सरकारची योजना. त्यांच्याच सूचनेवरून मी कोंकणी पत्रक दुसऱ्या माणसाकडून उलट इंग्रजीत करून घेतलं. तर तिथे, संशोधनातून बाहेर पडण्याचा हक्क आहे, याचं झालं होतं: तुम्हाला घराबाहेर जाता येईल.

मग मी कागद सोडला आणि बोलून बघितलं. आईला समोर बसवून सगळं तोंडी सांगितलं, फोनवर रेकॉर्ड केलं, आणि जे तोंडून निघालं तेच लिहिलं. 'मनात असेल तर हो म्हणा. नसेल तर नको म्हणा. नको म्हटलंत तरी तेल मिळायचं ते मिळेल, दवाखान्यात कुणी वेगळं वागवणार नाही. मध्येच कंटाळा आला तर सांगा, मी उठेन.' वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठा, आणि शेजारी माझ्याशी संबंध नसलेला साक्षीदार. दीड पानाचं पत्रक पाऊण पानावर आलं.

सुधारलेले कागद मार्चअखेर दिले, मंजुरीचं पत्र मेच्या शेवटच्या आठवड्यात आलं. तोवर भाट्या विझल्या होत्या. मॅडमना मेसेज केला तर त्यांनी नुसता अंगठा पाठवला. मग पावसात सीटीआरआयची, म्हणजे वैद्यकीय अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीतली, नोंदणी केली. ती फुकट असते, पण फॉर्म मारुतीच्या शेपटासारखा, आणि दोनदा शंका काढून परत आला. पहिला सहभागी घेण्याआधीच नोंदणी झालेली लागते, २०१८ पासून मागाहून करून देत नाहीत. या एकाच बाबतीत माझं वाया गेलेलं वर्ष कामी आलं.

पुढच्या मार्चमध्ये पहिल्या वाड्यावर पहिल्या घरी गेले. त्या घरचा दादा नुकताच आंघोळ करून ओसरीवर बसला होता, शुद्धीत होता, ते आधी पाहून घेतलं. पाऊण पान वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदा 'बरं' म्हणाला. वाचून झाल्यावर विचारलं, "म्हणजे नको म्हटलं तर चालतं?"

"चालतं."

"तर मग नको," तो म्हणाला, आणि आत वळून बायकोला हाक मारली, "डॉक्टरांना निरो आण गो."

निरो प्याले. वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं: वाडा १, घर १, नकार.