हलक्या रेल्वेचा ठराव आमच्या ग्रामसभेत कसा मंजूर झाला

जुलैतल्या ग्रामसभेत मी पहिल्यांदा उभी राहिले आणि दोन मिनिटांत खाली बसले. म्हापसा ते पणजी हलकी रेल्वे, म्हणजे शहरी प्रवासासाठीची दोन-तीन डब्यांची छोटी विजेवरची गाडी, शक्य आहे का, याचा सरकारने अभ्यास करावा, असा ठराव पंचायतीने घ्यावा एवढंच मला म्हणायचं होतं. पण विषय कार्यसूचीवर नव्हता. सचिवांनी शांतपणे सांगितलं, विषय लेखी आणि आधी द्यावा लागतो. आमच्याकडे साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरातल्या रविवारी होतात. एक हुकली की तीन महिने थांबायचं.

मी रोज पणजीला कामाला जाते. गाव म्हापसा आणि पर्वरीच्या मधलं. कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, म्हापसा-पणजी शटल चांगली आहे. खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेत राहायचं, बस भरली की सुटते. पण ती मधे थांबत नाही. मधल्या गावांना खाजगी बस, आणि ती रात्री आठनंतर दिसेनाशी होते. आईला महिन्यातून एकदा बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यावं लागतं, म्हणजे पणजीत उतरून दुसरी बस. पर्वरीत उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून कधी पोचू ते सांगता येत नाही. तिच्या गुडघ्यांना बसची पहिलीच पायरी झेपत नाही. मी मागून आधार देते, कंडक्टर वरून हात देतो आणि अख्खी बस बघत असते. नव्या हलक्या रेल्वेच्या डब्याचा तळ फलाटाच्या बरोबरीने असतो, चढायला पायरीच नसते. हे वाचलं त्या रात्री मी ठरवलं.

कोकण रेल्वे 1998 पासून मुंबईहून थेट येते, पण राजधानीत स्टेशन नाही. पणजीकरांनी करमळीला जायचं, म्हापसेकरांनी थिवीला. दूरच्या माणसाला ती उपयोगी पडते, रोज ऑफिस गाठणाऱ्याला फारशी नाही.

लेखी विषयासोबत द्यायला सह्या गोळा करायचं ठरवलं. पहिल्या रविवारी मी 18 घरं फिरले आणि 6 सह्या मिळाल्या. कुणी वाईट बोललं नाही. पण ‘रेल्वे’ म्हटलं की चेहरा आवळायचा, आणि त्याला कारणं होती. कोकण रेल्वेचा मार्ग ठरत होता तेव्हा खाजन जमिनींवरून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांवरून, केवढं आंदोलन झालं, ते वाड्यावरच्या वडीलधाऱ्यांना आठवतं. तरुणांना आठवतं ते चांदर गाव: नोव्हेंबर 2020 मध्ये तिथे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाच्या विरोधात लोक रात्रभर रुळांवर बसले होते, कारण तो दुसरा रूळ कोळसा वाहून नेण्यासाठी आहे असं त्यांना ठामपणे वाटत होतं. आणि मधल्या पिढीला आठवते मडगावची स्कायबस, खांबांवरच्या रुळाला लटकून धावणारी गाडी. सप्टेंबर 2004 मध्ये चाचणीत अपघात झाला, एक जण गेला, मग ते खांब तसेच उभे राहिले आणि शेवटी 2013 मध्ये काढले. “आमच्या गावात पण खांब उभे करून जाणार का, बाय?” असं मला तीन घरांत विचारलं.

मी घरी येऊन सगळा मजकूर फाडला. पहिल्या पत्रकात मी हलक्या रेल्वेचे फायदेच फायदे लिहिले होते. लोकांच्या प्रश्नांना त्यात एक ओळसुद्धा नव्हती.

मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. चवथीत घरोघर दर्शनाला जायचंच असतं, पण देवासमोर सहीचा कागद काढायचा नाही हे मी आधीच ठरवलं. कुणी विषय काढला तरच बोलायचं. तिसऱ्या घरातच आबांनी विचारलं. आबा ऐंशीच्या पुढचे, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या छताखाली, खुर्ची टाकून बसले होते. “मांडवी कशी ओलांडणार तुझी गाडी?” 5 जुलै 1986 ला मांडवीचा पूल कोसळला तेव्हा ते पणजीत नोकरीला होते, कितीतरी दिवस बेतीहून फेरीबोटीने ये-जा केली. मी म्हटलं, “आबा, हे मला माहीत नाही. असलेल्या पुलावरून नेता येईल की नवा लागेल, हे अभियंत्यांनी मोजून सांगायचं. आपण मोजा म्हणून सांगतोय, बांधा म्हणून नव्हे.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हे असं लिहिलंयस का?” नव्हतं लिहिलं. त्यांनीच सांगितलं तसं तिथेच लिहिलं आणि त्यांची सही पहिली. त्या कागदावर नेवरीच्या, म्हणजे करंजीच्या, तुपाचा डाग पडला. मी तो कागद बदलला नाही, तसाच पंचायतीत दिला.

कोळशाचा प्रश्न सोडवला रेल्वेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी. केंद्राने 2019 मध्ये मेट्रोलाइट नावाने हलक्या रेल्वेची मानकं काढली आहेत: तीन डब्यांची गाडी, साधारण 300 माणसं, रस्त्याच्या पातळीवर पण स्वतःची वेगळी वाट. काका म्हणाले, त्यात रुळांमधलं अंतर बघ. ते 1435 मिलिमीटर. कोकण रेल्वेचं 1676. मालगाडीचा वॅगन त्या रुळावर उभासुद्धा राहणार नाही.

सगळ्यात जड गेलं ते बसमालकाकडे जाणं. आमच्या मार्गावर त्यांची एक बस, कर्जावर घेतलेली. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, “माझ्या पोटावर पाय देऊन तुझी गाडी धावणार.” ते खरंच घाबरलेले होते, आणि ती भीती मला खोटी म्हणता येईना. मी त्यांच्यासमोर 2017 चं मेट्रो धोरण उघडलं. त्यात म्हटलंय की कुठलीही मेट्रो मागण्याआधी राज्याने पर्यायांची तुलना करून दाखवली पाहिजे, म्हणजे बस आणि बसची वेगळी मार्गिकासुद्धा तपासायची. शिवाय स्टेशनपर्यंत माणूस कसा पोचेल हेही दाखवायचं. “मग वाड्यावाड्यातून स्टॉपपर्यंत माणसं आणणार कोण?” असं त्यांनीच विचारलं आणि आम्ही दोघं तासभर तेच बोलत राहिलो. पायलटवाल्यांचा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांचा, मुद्दाही त्यांनीच घातला.

ऑक्टोबरची सभा गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब झाली, मग भरली. विषय या वेळी कार्यसूचीवर होता. ठरावात चार अटी होत्या: खाजन आणि शेतजमिनीत भराव नाही, माल वाहतूक नाही, मधल्या गावांना थांबा, आणि आताच्या बसमालकांना व पायलटना जोडसेवेत पहिला हक्क. एक पंच उठले, “आज माणसं, उद्या कोळसा, कोण बघणार?” मी माझा हात वर केला, वीत ताणली. म्हटलं, दोन्ही रुळांच्या मापांत एवढा फरक आहे, वीतभर आणि किंचित जास्त. ज्या दिवशी कुणी रूळ ही वीतभर रुंद करायला येईल, त्या दिवशी आपल्याला लगेच कळेल आणि मी सगळ्यांच्या पुढे बसेन. मागच्या बाकावरून काकांनी मापं मोठ्याने परत सांगितली.

ठराव मी मांडला. अनुमोदन द्यायला बसमालक उठले. माझा आवाज तेव्हा फुटला नाही, खरं सांगते. हात मोजले, विरोधात 5, बाकी सगळे बाजूने. त्या पाच जणांचे आक्षेप इतिवृत्तात नोंदवा असं मी सचिवांना सांगितलं, कारण त्यातला एक, रस्ता आधीच अरुंद आहे हा, अगदी बरोबर आहे.

दहा दिवसांनी ठरावाची प्रत मिळाली. ती मी स्वतः पणजीत नेऊन दिली, पोच घेतली. एका गावाच्या ठरावाने काही हलत नाही हे तिथल्या माणसाने सांगितलं. मलाही ते ठाऊक होतं. म्हणून आता शेजारच्या दोन गावांत जानेवारीच्या सभेची तयारी चालू आहे. काल रात्री बसमालकांचा फोन आला. “त्या गावचा सचिव कडक आहे, बाय. विषय या आठवड्यातच दे. आणि आबांना सोबत ने, मी गाडी घेऊन येतो.”