पठारावरच्या दोन रात्री

अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी मी आणि माझी मैत्रीण आकाशगंगेचे फोटो काढायला पठारावर पोहोचलो तेव्हा चांगला तासभर उजेड शिल्लक होता, आणि तो मी गप्पांत घालवला. आकाशाची तयारी चोख होती. वृश्चिक रास आग्नेयेला केव्हा वर येईल, विंचवाच्या नांगीपलीकडे, धनू राशीच्या दिशेने, आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा कुठे असेल, हे सगळे तोंडपाठ होते. त्या आकाशाखाली चित्रात जमीन कोणती असावी, हा प्रश्न मात्र मला अंधार पडल्यावर सुचला.

सूर्य क्षितिजाखाली १८ अंश उतरल्याशिवाय आकाश पुरते काळे होत नाही, म्हणून तोवर थांबलो. मग ट्रायपॉडवर कॅमेरा चढवून १८ मिलिमीटरची लेन्स लावली, प्रकाश आत घेणारे छिद्र एफ ३.५ वर म्हणजे त्या लेन्सला उघडता येईल तितके उघडले, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० ठेवला आणि फोकसची कडी अनंताच्या, म्हणजे अतिदूरच्या वस्तूंसाठीच्या, खुणेवर आणून ३० सेकंदांचे फोटो घेत सुटले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर प्रत्येक फोटो देखणा दिसत होता. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो लहानसा पडदा इतका झगझगीत वाटतो की फोटोत पुरेसा प्रकाश आहे की नाही हे त्यावरून कळतच नाही. त्यासाठी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, पाहावा लागतो, आणि तो मी उघडलाही नव्हता. सकाळी लॅपटॉपवर फोटो मोठे करून पाहिले, तर एकही तारा बिंदूसारखा नव्हता. सगळ्यांचे फुगीर, मऊ कडांचे ठिपके झाले होते. अनंताची खूण आणि खरे अनंत यांच्यात केसभर अंतर असते आणि दिवसाच्या फोटोत ते खपून जाते. ताऱ्यांच्या फोटोत ते लपत नाही.

दुसऱ्या रात्री सुरुवात ज्येष्ठेपासून केली. वृश्चिकेतला हा तांबूस तारा इतका तेजस्वी आहे की लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे लेन्ससमोरचे दृश्य थेट स्क्रीनवर पाहताना, तो सहज सापडतो. स्क्रीनवर त्याला दहापट मोठा करून कडी अगदी सावकाश फिरवली. ठिपका आक्रसत गेला, सुईच्या टोकाएवढा झाला आणि कडी जराशी पुढे जाताच पुन्हा फुगू लागला. तितकीच मागे घेऊन मी कडीवर चिकटपट्टी लावली. या पाच मिनिटांत मी जे शिकले ते महिनाभराच्या वाचनाने शिकवले नव्हते.

फोकस जमल्यावर पुढची चूक उघडी पडली. तीस सेकंदांत पृथ्वी साडेसात कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फिरते, म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासाच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढी, आणि तेवढ्यात वृश्चिकेतले तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट झाले होते. गंमत अशी की त्याच सेटिंगवर उत्तरेकडे घेतलेल्या फोटोत ध्रुवाजवळचे तारे जवळजवळ गोल होते, कारण तिथे ताऱ्यांची वर्तुळे लहान असतात. तारे लांबट न होता शटर किती सेकंद उघडे ठेवता येईल हे काढायला ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागावे, आणि कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर माझ्यासारखा लहान असेल तर आणखी दीडने, असा एक ढोबळ आडाखा आहे. माझ्या लेन्ससाठी उत्तर येत होते साडेअठरा सेकंद. प्रत्यक्षात मला पंधराच पसंत पडले.

आता आकाश नीटनेटके होते आणि खाली डांबर ओतल्यासारखा काळा पट्टा. त्या संध्याकाळी उजेडातच मी एक निष्पर्ण झाड आणि त्यामागचा उतार हेरून ठेवला होता, पण पंधरा सेकंदांत झाडाची नुसती आकृती उमटत होती. म्हणून ट्रायपॉड न हलवता फोकस झाडावर आणला आणि नंतर आकाशाच्या फोटोशी जोडायला जमिनीचा चार मिनिटांचा वेगळा फोटो घेतला. शटर मिटले, तरी कॅमेरा कोणत्याच बटणाला दाद देईना. बिघडला असे समजून मी घाबरून बॅटरी काढली आणि फोटो गमावला. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असले की कॅमेरा तेवढाच वेळ शटर मिटून आणखी एक काळा फोटो घेतो आणि त्यातले डाग मूळ फोटोतून वजा करतो, हे मैत्रिणीने मला नंतर, हसू आवरत, सांगितले. दुसऱ्यांदा मी आठही मिनिटे हात खिशात घालून उभी राहिले.

मग चिकटपट्टीच्या खुणेवर फोकस परत आणला आणि पुन्हा आकाशाकडे वळले. पहाटे तीनच्या सुमारास प्रत्येक ताऱ्याभोवती धूसर वलय येऊ लागले. विरळ ढग असावेत असे वाटले, पण वर पाहिले तर आकाश लख्ख होते. लेन्सला बोट लावले, ते ओले झाले. दव पुसावे तर दोन मिनिटांत पुन्हा धरत होते, आणि लेन्सला ऊब देणारी पट्टी आम्ही नेली नव्हती.

त्यानंतरचे सगळे फोटो पुसून टाकले. त्याआधीच्यांपैकी एक ठेवला आहे: झाडाच्या डाव्या फांदीमागून आकाशगंगा तिरकी वर चढते आहे, आणि क्षितिजालगत दूरच्या गावाच्या दिव्यांचा नारिंगी उजेड आहे, जो त्या रात्री आम्हा दोघींनाही डोळ्यांनी दिसला नव्हता. खालच्या कोपऱ्यात लाल रेघ आहे. मैत्रीण लाल टॉर्च घेऊन चुकून चित्रातून चालत गेली, तिची ती खूण. ती मी काढलेली नाही.